उत्तरतालिकेतील एक चूक आणि मॅटमधील सुनावणी

भरती परीक्षेच्या प्रकरणात अशिलाला सर्वांत आधी हे समजावावे लागते, की आपले उत्तर बरोबर असून भागत नाही, परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या उत्तरतालिकेतले उत्तर उघडउघड चुकलेले दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने 1983 साली कानपूर विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेच्या प्रकरणात हा दंडक घातला. 2017 च्या रण विजय सिंह निकालाने त्यात भर घातली, की शंका उरली तर तिचा फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला मिळेल.

त्या दिवशी माझ्या अशिलाचे दोन प्रश्न मॅटसमोर, म्हणजे सरकारी नोकरीचे वाद ऐकणाऱ्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणासमोर होते. मतदानाचे वय 18 कधी झाले, या पहिल्या प्रश्नाला तिने 1988 लिहिले होते, तालिकेत 1989 होते. 61 वी घटनादुरुस्ती नावाने 1988 ची, पण अमलात आली 28 मार्च 1989 रोजी. ‘तालिकेतले उत्तर चूकच आहे, असे म्हणता येईल का?’ खंडपीठाने विचारले. मला ‘नाही’ म्हणावे लागले आणि तो मुद्दा तिथेच संपला.

दुसरा प्रश्न असा होता, की 1992 च्या 71 व्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत कोणती भाषा आली. तिचे उत्तर कोंकणी होते, तालिकेतले सिंधी. मी युक्तिवाद न करता दोन्ही दुरुस्त्यांचा मजकूर पुढे केला: 71 व्या दुरुस्तीत कोंकणी, मणिपुरी, नेपाळी, सिंधी मात्र 1967 च्या 21 व्या दुरुस्तीतली. सदस्यांनी तो स्वतः वाचला आणि मुदतीत हरकत घेतली होती का, हे विचारले. तिच्याकडे पोचपावती होती. हरकतीवर भरती मंडळाचे उत्तर एका ओळीचे होते: ‘तज्ज्ञांनी हरकत अमान्य केली.’ कारण दिलेले नव्हते, आणि मंडळाची बाजू मांडणाऱ्या सादरकर्त्या अधिकाऱ्यांनाही ते सांगता आले नाही. महिनोन्महिने अभ्यास केलेल्या उमेदवाराला कारणही न कळवणे मला अन्यायाचे वाटते.

आदेश झाला, की हा प्रश्न नव्याने तज्ज्ञांकडे पाठवावा, तालिका बदलल्यास सर्वच उमेदवारांचे गुण पुन्हा मोजावेत, मात्र बिहारमधील अभियंता भरतीच्या प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालाप्रमाणे, नियुक्ती मिळालेल्यांना काढू नये.

‘मॅडम, मग माझी निवड होईल ना?’ तिने बाहेर येताच विचारले. कोंकणी लिहिणाऱ्या सगळ्यांचेच गुण वाढतील, हे मी तिला तेव्हाच सांगितले. सुधारित यादीत कट-ऑफही वर सरकला आणि ती प्रतीक्षा यादीत राहिली. अशा प्रकरणांत आता मी आणखी एक मागणी जोडते: हरकत फेटाळताना तज्ज्ञांचे कारण, संदर्भग्रंथ आणि पृष्ठ क्रमांक अंतिम तालिकेसोबत प्रसिद्ध करावेत.