आणि क्लिंटनचं काय?

दादाचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. ट्रम्प यांच्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप करणाऱ्या लेखिका ई. जीन कॅरल यांचा विषय मी काढला, अजून पुरतं सांगूनही झालं नव्हतं, तेवढ्यात तो म्हणाला, "आणि क्लिंटनचं काय?" कॅरलचा विषय तिथेच मिटला. त्याला बिल क्लिंटनबद्दल, त्यांच्यावरच्या तशाच आरोपांबद्दलही बोलायचं नव्हतं, हे मला जास्त लागलं.

वहिनी मध्ये काहीतरी म्हणाली. ते राहू दे.

मला सारखी ९ ऑक्टोबर २०१६ ची रात्र आठवते. स्त्रियांना हात लावण्याबद्दल फुशारकी मारणारी ट्रम्पची २००५ ची टेप दोनच दिवसांपूर्वी बाहेर आली होती. हिलरी क्लिंटन यांच्याबरोबरच्या निवडणूक वादविवादाच्या आधी ट्रम्प यांनी, बिल क्लिंटनवर आरोप करणाऱ्या पॉला जोन्स व हुआनिता ब्रॉड्रिक, आणि आणखी दोघींना पत्रकारांसमोर शेजारी बसवलं. पुढे त्या प्रेक्षकांतही होत्या. त्यांना बोलायचा पूर्ण हक्क होता, पण त्या रात्री त्यांचं ऐकायला किती जण बसले होते? जोन्स यांनी १९९४ मध्ये क्लिंटनवर लैंगिक छळाचा दावा लावला, १९९८ मध्ये न्यायाधीशांनी तो फेटाळला, अपील चालू असताना साडेआठ लाख डॉलरवर तडजोड झाली. माफी नाही, कबुली नाही. तेव्हा ज्यांनी त्यांची टर उडवली त्यातले कितीतरी जण स्वतःला स्त्रियांच्या बाजूचे म्हणवत होते. आणि २०१८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयासाठी नेमलेले कॅव्हनॉ यांच्यावर आरोप करणाऱ्या ब्लेसी फोर्ड यांचं ऐकाच म्हणणाऱ्यांपैकी काहींचा आवाज २०२० मध्ये बायडेन यांच्यावर आरोप करणाऱ्या टॅरा रीड यांच्या वेळी खाली आला. बायडेन यांनी आरोप साफ नाकारला, तो त्यांचा हक्क. पण ऐकून घ्यायला काय हरकत होती?

तराजूच्या एका पारड्यात यांचा माणूस, दुसऱ्यात त्यांचा. पुरावा कुठल्याच पारड्यात नाही. याला तोलणं कसं म्हणायचं?

कॅरल यांनी घटना घडली त्या वेळीच दोन मैत्रिणींना सांगितलं होतं आणि त्या दोघींनी कोर्टात साक्ष दिली. मे २०२३ मध्ये ज्युरीने लैंगिक अत्याचार आणि बदनामीसाठी ट्रम्प यांना जबाबदार धरलं, बलात्कार सिद्ध झाला असं मानलं नाही. दावा दिवाणी होता, फौजदारी नव्हे. ट्रम्प आजही सगळं नाकारतात. हे सगळं मला दादाला सांगायचं होतं, माझ्या बाजूला न जाणारं सुद्धा. क्लिंटन दोषी ठरले तरी यातलं एक अक्षर बदलत नाही, निर्दोष ठरले तरी नाही.

खरं तर रडूच आलं. इतकी वर्षं झाली, अजून मी तोंड उघडलं की आधी माझा पक्ष मोजला जातो. बाई म्हणून मला काही कळत असेल, हे घरातसुद्धा कुणाच्या मनात येत नाही. आईच्या वेळीही... नको.

पण आता लिहिता लिहिता जरा शांत वाटतंय. दादा बदलणार नाही, त्याने बदलावं म्हणून मी बोलतही नाही. पुन्हा "आणि क्लिंटनचं काय?" म्हणाला तर म्हणेन, चल, आधी तेच बोलू. जोन्सपासून सुरू करू, ब्रॉड्रिकचं सगळं ऐकू, हवा तेवढा वेळ घे. तो विषय झाला की कॅरलचा, पहिल्यापासून.