ट्रॅम्पोलिन: चार जीबीच्या वर राहिलेले पीएमएल४

छंद म्हणून मी एक कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लिहितो आहे. मागच्या नोंदीत त्याचे टायमर आणि कीबोर्ड ८२५९ या जुन्या इंटरप्ट नियंत्रकावरून आयओ एपिक या नव्या नियंत्रकावर आले होते आणि क्यूएमू या एम्युलेटरमध्ये चारही प्रोसेसर आपापला एपिक क्रमांक छापत होते. तोच कर्नल प्रत्यक्ष यंत्रावर चालवला, तेव्हा पहिल्या एपीला (मुख्य प्रोसेसर म्हणजे बीएसपी, बाकीचे एपी) सिपी हा जागे करणारा संदेश पाठवताच सारे यंत्र रीसेट झाले. पडद्यावर ना पॅनिकचा मजकूर, ना अपवादाचा (प्रोसेसरने पकडलेल्या चुकीचा) क्रमांक. एपीवर त्या टप्प्यापर्यंत कामाचे आयडीटीच (अपवाद कोणी हाताळायचा ते सांगणारे टेबल) नसते, त्यामुळे तिथे उद्भवणारा कोणताही अपवाद थेट ट्रिपल फॉल्टपर्यंत (अपवाद हाताळतानाच पुन्हा पुन्हा अपवाद) जातो आणि त्या एका प्रोसेसरपायी चिपसेट संपूर्ण यंत्र नव्याने सुरू करतो, एवढे उघड होते. प्रश्न होता तो नेमक्या कोणत्या इन्स्ट्रक्शनवर हे घडते, याचा.

अशा वेळी पहिला संशय कालावधींवर जातो. इनिट या प्रोसेसर रीसेट करणाऱ्या संदेशानंतर १० मिलिसेकंद आणि दोन सिपींच्या मध्ये २०० मायक्रोसेकंद, हा १९९७ च्या एमपी (बहुप्रोसेसर) स्पेसिफिकेशन १.४ मधला क्रम मी एचपीईटी या टायमरवर मोजून पाळतो. (लिनक्स नव्या प्रोसेसरांवर ती १० मिलिसेकंदांची प्रतीक्षा गाळतो, मला अजून तेवढी घाई नाही.) पण कालावधी चुकला असता, तर एपी बहुधा मुकाट पडून राहिला असता. यंत्र रीसेट होते, याचाच अर्थ एपी हेक्स ८००० या पत्त्यावरच्या ट्रॅम्पोलिनमध्ये (एपीला ६४ बिटी कर्नलपर्यंत नेणाऱ्या छोट्या कोडमध्ये) पोहोचून काहीतरी करत होता. एका अर्थी ती आनंदाचीच बातमी होती.

या यंत्राला मजकूर बाहेर पाठवायला सिरियल पोर्ट नाही. म्हणून ट्रॅम्पोलिनच्या पेजमधला शेवटचा बाइट खुणेसाठी राखला: एपी प्रत्येक टप्प्यावर त्यात नवा आकडा लिहितो आणि बीएसपी तो वाचून पडद्यावर (फ्रेमबफरवर) छापतो. जोडीला एचएलटी या थांबण्याच्या इन्स्ट्रक्शनचे अनंत वेटोळे एकेक टप्पा पुढे सरकवत नेले. यंत्र जिवंत राहिले, तर तिथपर्यंतचा मार्ग निर्धोक. १६ बिटी रिअल मोड पार पडला, ३२ बिटी प्रोटेक्टेड मोड पार पडला, पीएई (पेज टेबलांत ६४ बिटी नोंदी वापरण्याचा बिट) आणि ईएफईआर या रजिस्टरमधला ६४ बिटी लाँग मोडचा बिटही बिनतक्रार लागला. सीआर० या रजिस्टरमधला पेजिंगचा (आभासी पत्ते टेबलांवरून खऱ्या पत्त्यांत बदलण्याचा) बिट लावताच मात्र रीसेट.

पेजिंग सुरू होताना एपी कोसळला की जाणकार आधी एनएक्सईचे (पेजवर कोड चालवण्यास मनाई करू देणाऱ्या, ईएफईआरमधल्या बिटाचे) नाव घेतात, आणि ते रास्त आहे. ईएफईआर प्रत्येक प्रोसेसरचा स्वतंत्र असतो. बीएसपीवर एनएक्सई लागलेला असला, तरी एपीवर तो लावल्याशिवाय पेज टेबलांतला ६३ वा बिट राखीव समजला जातो आणि तशा नोंदीला हात लागताच पेज फॉल्ट येतो. इथे तो बिट आधीपासून लागलेला होता. मग एपीने वाचलेले सीआर३ चे (पेज टेबलांच्या मुळाचा पत्ता धरणाऱ्या रजिस्टरचे) मूल्यही खुणेच्या शेजारी लिहायला लावले, आणि कोडे सुटले: बीएसपीचे मूल्य हेक्स २३७८५४०००, एपीचे हेक्स ३७८५४०००. सर्वांत वरचा अंक गळालेला.

यूईएफआय हे यंत्राचे फर्मवेअर बीएसपीला लाँग मोडमध्येच कर्नलच्या हाती देते, त्यामुळे तिथे सीआर३ मध्ये ६४ बिटांचे मूल्य एका दमात जाते आणि पीएमएल४ (पेज टेबलांतले सर्वांत वरचे, मुळाचे टेबल) स्मृतीत कुठेही असले, तरी बिघडत नाही. एपी मात्र आजही रिअल मोडमधून उठतो आणि पेजिंग सुरू करण्याआधी त्याला सीआर३ भरावा लागतो ३२ बिटी कोडमधून, ज्यात ४ जीबीवरचा पत्ता मावत नाही. माझा पेज अॅलोकेटर वरच्या टोकाकडून पेज देतो. ८ जीबीच्या यंत्रात वरचे टोक ४ जीबीच्या पलीकडे असते, तर क्यूएमूला मी नेहमी ५१२ एमबीच देत आलो आहे. क्यूएमूला ८ जीबी दिल्याबरोबर तिथेही हुबेहूब हेच घडले, आणि ते दृश्य पाहून झालेला आनंद या छंदातल्या लोकांनाच कळेल.

अॅलोकेटरमध्ये ४ जीबीखालचा स्वतंत्र विभाग काढण्याचा विचार मी सोडून दिला, कारण गरज फक्त मुळाच्या एका पेजची आहे. आता ट्रॅम्पोलिनशेजारी एक तात्पुरते पीएमएल४ बसते: त्यात ट्रॅम्पोलिनचे आयडेंटिटी मॅपिंग (आभासी आणि खरा पत्ता एकच) आणि कर्नलच्या वरच्या अर्ध्या भागाच्या २५६ नोंदी जशाच्या तशा. त्या नोंदी ६४ बिटी असल्याने खालच्या पातळीची टेबले कुठेही राहू शकतात. ६४ बिटी कोडमध्ये उडी मारली की एपी खरा सीआर३ भरतो. आता प्रत्यक्ष यंत्रावर सगळे प्रोसेसर उठतात. एमएडीटी या फर्मवेअरने दिलेल्या प्रोसेसरांच्या यादीत एनेबल्ड बिट नसलेल्या नोंदीही बऱ्याच निघाल्या. त्या गाळाव्याच लागतात, आणि म्हणूनच सर्वांना एकदम इनिट पाठवण्याचा सोपा मार्ग मला पटत नाही.

साधनांविषयी दोन शब्द. ट्रॅम्पोलिनसाठी नॅझम या असेंबलरला तोड नाही. १६, ३२ आणि ६४ बिटांचा कोड एकाच फाइलीत वाचनीय राहतो. रिअल मोडपासून लाँग मोडपर्यंतच्या प्रवासात जीडीबी या डीबगरपेक्षा बॉक्स एम्युलेटरचा अंगचा डीबगर मला अधिक भरवशाचा वाटतो. लिमाइन बूटलोडर एपी स्वतःच उठवून देतो, पण मग या छंदातला गाभाच उरत नाही.

ते तात्पुरते पीएमएल४ सगळे प्रोसेसर उठल्यावर मोकळे करायचे ठरले होते. हे लिहिताना लक्षात आले की एस३ निद्रेतून जागा होणारा बीएसपीदेखील एसीपीआय या वीज-व्यवस्थापनाच्या प्रमाणातल्या नेहमीच्या वेकिंग व्हेक्टरने (जागे झाल्यावर जिथून कोड चालतो त्या पत्त्याने) रिअल मोडमध्येच परततो. म्हणजे हेच ट्रॅम्पोलिन तिथेही चालेल. ते पेज आता कायम राहील.

पुढे प्रत्येक प्रोसेसरचा स्वतंत्र शेड्युलर घ्यायचा होता, पण त्याआधी एक्स२एपिक (प्रोसेसरमधल्या एपिकची नवी पद्धत) उरकेन. आत्ता आयसीआर (इतर प्रोसेसरांना संदेश पाठवण्याचा रजिस्टर) दोन तुकड्यांत लिहिला जातो. वरचा तुकडा लिहून झाल्यावर खालचा लिहिण्याआधी इंटरप्ट आला आणि त्याच्या हँडलरनेही आयपीआय (दुसऱ्या प्रोसेसरसाठीचा इंटरप्ट) पाठवला, तर माझा संदेश भलत्याच प्रोसेसरकडे जातो. त्यामुळे दर वेळी इंटरप्ट बंद करावे लागतात. एक्स२एपिकमध्ये आयसीआर हा एकच ६४ बिटी एमएसआर (प्रोसेसरमधला खास रजिस्टर) आहे आणि तो एका लिखाणात भरतो. मात्र ते लिखाण सीरियलायझिंग (आधीची लिखाणे पुरी होईपर्यंत थांबणारे) नसल्याने त्याआधी एमफेन्स आणि एलफेन्स ही क्रम राखणारी इन्स्ट्रक्शने घालावी लागतील, नाहीतर सामायिक स्मृतीतला निरोप इतरांना दिसण्याआधीच आयपीआय पोहोचू शकतो.