परसात आड आहे का?

"मामा, ऑइल घरातच बदलूचं की गॅरेजला टाकूचं?" नवी-जुनी कसलीही गाडी घेतलेला पुतण्या-भाचा आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या घरी आला की चहाबरोबर हा प्रश्न ठरलेला. उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर जन्म घालवलेल्या माणसाला गाडीतलंही कळत असणार, असा सगळ्यांचा समज. लेथ वेगळा, गाडी वेगळी. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

आधी पैशाचं उरकू. माझ्या जुन्या पेट्रोल गाडीला साडेतीन लिटरचा डबा दीडेक हजाराला पडतो, फिल्टर शे-सव्वाशेला. हे कुठंही गेलात तरी लागणारच. कोपऱ्यावरचा मिस्त्री मजुरी घेतो अडीचशे. म्हणजे घरी केलं तर वाचणार तेवढेच, आणि मी जॅक नि दोन स्टँड घेतले त्याचे पैसे अजून फिटायचेत. शोरूमचं बिल फुगतं ते ऑइलनं नाही, वर जोडलेल्या 'इंजिन फ्लश' म्हणजे इंजिन आतून धुण्यासारख्या कामांनी. मॅन्युअलात नसलेल्या कामाला तोंडावर "नको" म्हणता येत असेल तर तिथंही जा. गाडी वॉरंटीत असेल तर तिथंच जा, नोंद राहते.

मी घरी सुरू केलं ते रागानं. एका गॅरेजातल्या पोरानं जुनं ऑइल सोडायचा तळाचा बोल्ट तिरका धरला आणि लांब पाना लावून आवळला. ऑइलचं चेंबर ॲल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडी. आटे गेले. घरी आलो तर फरशीवर थेंब थेंब. शेवटी उद्यमबागेतल्या दोस्तानं भोक मोठं करून आत तारेच्या आट्यांची गुंडाळी बसवून दिली. हेलिकॉइल म्हणतात तिला. ती अजून टिकून आहे. त्यात त्याच गॅरेजवाल्यानं "ऊन आहे, जाड ऑइल घालूया की" म्हटलेलं. बेळगावचं ऊन ते केवढं! मॅन्युअलात ५डब्ल्यू-३० हा ऑइलच्या जाडीचा नंबर लिहिलाय तर तेच घालायचं.

म्हणून पुढच्या खेपेला परसात मीच गाडीखाली शिरलो. सगळं शास्त्राप्रमाणे. इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट केलं, कारण गार ऑइल रेंगाळतं, मळ तळालाच राहतो, आणि कढत ऑइल हात भाजतं. चाकांना गुट्टे लावले, गाडी स्टँडवर घेतली. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरणाऱ्याला मी ओळखसुद्धा दाखवत नाही. बोल्टाला नवा वायसर. नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट लावलं, हातानं आवळला. नवं ऑइल ओतलं, ऑइल मोजायची दांडी बघितली, मिशीला पीळ दिला आणि चावी फिरवली.

गाडीखालून धारच लागली.

जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती. त्यावर मी नवी चढवलेली. दोन रिंगा एकावर एक बसल्या की ऑइलचं प्रेशर धरत नाहीत. हे मला आधीपासून ठाऊक होतं, दुसऱ्यांना सांगितलंही होतं. फक्त त्या दिवशी तिथं बोट फिरवून बघितलं नाही. चावी बंद करेपर्यंत लिटरभर ऑइल जमिनीवर.

दिवस जूनचे. सकाळची सर नुकतीच थांबलेली, आणि आमच्या परसाचा उतार आडाकडं. नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळं या आडावर आमचं घर चालतं, शेजारची दोन घरंही चालतात. तांबड्या मातीवरच्या पाण्यात इंद्रधनुष्यासारखी साय पसरत तिकडंच निघाली. आई दारात येऊन म्हणाली, "काय करूलास रे आडाकडं?" मी उत्तर दिलं नाही. सुताराकडून भुसा आणला, फडकी टाकली, मातीचा वरचा थर फावड्यानं काढून पाट्या भरल्या. आडावर तवंग आला नाही. तरी महिनाभर आईनं प्यायची कळशी आडावर भरली नाही, आणि बोललीही नाही. बोलली असती तर बरं होतं.

तेव्हापासून मी उलट विचारतो : परसात आड आहे का? काढलेलं ऑइल कुठं जाणार? बदलायला तासभर पुरतो, प्रश्न त्या काळ्या साडेतीन लिटरांचा असतो. गावाकडून मागणी असते जळक्या ऑइलला, कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून, सेंटरिंगच्या प्लेटांना चोपडायला. पूर्वी मीही दिलंय. आता देत नाही. नुसतं काळं झालं म्हणून ऑइल मेलं असं नसतं, इंजिनातला मळ धरून ठेवणं हे त्याचं कामच. पण तोच सगळा मळ, झिजलेल्या धातूसकट, खांबावरून पावसानं धुऊन मातीत जातो. सरकारच्या २०१६ च्या नियमांत वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात धरलंय, ते परवाना असलेल्या रिसायकलवाल्याकडंच जायला हवं.

त्यांची गाडी माझ्या साडेतीन लिटरांसाठी गल्लीत येत नाही. मिस्त्रीचा ड्रम भरला की येते. म्हणून मी जळकं ऑइल डब्यात भरून त्याच्याकडं नेतो. तो मान वर न करता कानडीत म्हणतो, "इल्लि हाकरि." म्हणजे इथं घाला. मी ड्रममध्ये ओततो आणि रिकाम्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडतो, नाहीतर भंगारातून जाऊन त्यात बनावट ऑइल भरून येतं.

"डबा घेऊन येतोस, गाडीच आण की," असं तो दरवेळी म्हणायचा. आता पावसाचे चार महिने गाडीच नेतो. डब्याचं सील मी फोडतो, जुनी रिंग निघाली का ते बोट फिरवून बघतो, आणि तळाच्या बोल्टाचे पहिले चार आटे माझ्याच बोटांनी धरवतो. मग पाना त्याच्या हातात देतो.