टँकरचं पाणी, चार मतं आणि एक प्रश्न

१५ जानेवारी २०२६ला ठाणे महापालिकेची निवडणूक आहे. आमच्या वाघबीळच्या बाजूला रोज संध्याकाळी एखादी तरी प्रचारफेरी निघते. उमेदवार सोसायटीच्या गेटपाशी हात जोडून उभे राहतात आणि ‘मावशी, लक्ष असू द्या’ म्हणत माझ्या हातात पत्रक देतात. मी ते घरी नेऊन पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचते. मत मात्र मला देता येणार नाही, कारण माझा पासपोर्ट कॅनडाचा आहे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळतं त्या ओसीआय कार्डावर इथे राहता येतं, फ्लॅट घेता येतो, घरपट्टी भरता येते. मतदान करता येत नाही. त्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. नागरिकत्व मी समजून-उमजून बदललं, आणि कॅनडातही नागरिक नसलेला माणूस कितीही वर्षं कर भरत असला तरी त्याला नगरपालिकेत मत नसतं. पण मत नसलं म्हणून म्हणणंही नसावं, असं थोडंच आहे?

माझं बालपण नौपाड्यात गेलं. बांदोडकर कॉलेजात केमिस्ट्री केली, लग्नानंतर कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात गेले आणि पुढची सगळी नोकरी पिण्याच्या पाण्याच्या लॅबमध्ये झाली. आता अर्धी निवृत्त आहे. अर्धी अशासाठी, की तिकडच्या दोन-तीन छोट्या गावांचे पाण्याचे रिपोर्ट मी अजून तपासते. हिवाळ्यात टोरंटो आपल्या साडेदहा तास मागे असतं, त्यामुळे त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे माझे संध्याकाळचे साडेसात. त्या वेळी वहिनीकडे गप्पा रंगलेल्या असल्या तरी मी उठते आणि लॅपटॉप उघडते. थंडी संपली की परत जायचं. ओंटारिओचं सरकारी आरोग्य कार्ड चालू ठेवायचं तर बारा महिन्यांत किमान १५३ दिवस तिथे असावं लागतं, आणि ते कार्ड मी कोणत्याही कारणासाठी सोडणार नाही. ऑपरेशनसाठी थांबावं लागतं हे खरं, पण घर विकावं लागत नाही.

इथले माझे दिवस साधे आहेत. सकाळी उपवन तलावाला फेरी, आठवड्यातून एकदा मराठी ग्रंथ संग्रहालयात पेपर आणि दिवाळी अंक चाळत बसणं, रविवारी दादाकडे जेवण आणि जेवणानंतर राजकारण. दादा आणि मी शाळेत असल्यापासून वाद घालतोय. हल्ली त्याला कॅनडात रस आहे, विशेषतः ट्रम्प कॅनडाला अमेरिकेचं एक्कावन्नावं राज्य करू म्हणाले तेव्हापासून. माझं मत मी लपवत नाही. मी आयुष्यभर एनडीपीची, म्हणजे डावीकडे झुकणाऱ्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाची मतदार. पण २८ एप्रिल २०२५च्या निवडणुकीत मार्क कार्नींच्या लिबरल पक्षाला मत दिलं, कारण त्या घडीला देश एका सुरात बोलणं मला जास्त महत्त्वाचं वाटलं. माझ्यासारखा विचार बऱ्याच जणांनी केला असावा. एनडीपीच्या जेमतेम सात जागा आल्या. त्याचं मला वाईट वाटतं. तरी पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच करीन. पेन्शनचंही तसंच. पंतप्रधान स्टीफन हार्परच्या सरकारने म्हातारपणाच्या पेन्शनचं वय ६५वरून टप्प्याटप्प्याने ६७ करायचं ठरवलं होतं, ट्रुडो आले आणि २०१६मध्ये त्यांनी ते रद्द केलं. माझ्या वयाच्या माणसांना हा फरक थेट बँकेच्या खात्यात दिसतो. ट्रुडोंच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

पण माझं राजकारण खरं घडलं ते राजधानी ओटावातल्या पुढाऱ्यांमुळे नव्हे, वॉकरटनमुळे.

वॉकरटन हे टोरंटोच्या वायव्येला असलेलं पाचेक हजार वस्तीचं गाव. मे २०००मध्ये तिथे जोराचा पाऊस झाला, शेजारच्या शेतातलं शेणखत वाहून गावाच्या पाच नंबरच्या विहिरीत उतरलं, आणि त्यासोबत ई. कोलाय जिवाणूही. विहिरीच्या पाण्यात पुरेसं क्लोरीन नव्हतं. क्लोरीनच्या नोंदी मात्र वहीत व्यवस्थित भरलेल्या होत्या, तपासणी न करताच. सात माणसं गेली, २,३००च्या वर आजारी पडली. त्यात लहान मुलं होती, काहींच्या किडन्या कायमच्या दुखावल्या. सगळ्यात संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. पाण्याचा नमुना खराब आल्याचं खासगी लॅबने पाणीपुरवठा खात्याला कळवलं होतं. खात्याने ते दाबून ठेवलं, आणि आरोग्य अधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा पाणी ठीक आहे असं सांगितलं. लॅबने आरोग्य अधिकाऱ्यांना परस्पर का कळवलं नाही? कारण तसं बंधन कोणत्याही नियमात नव्हतं. चार वर्षं आधी, १९९६मध्ये, ओंटारिओतल्या माइक हॅरिस यांच्या सरकारने खर्च कमी करायचा म्हणून गावांच्या पाण्याची नेहमीची तपासणी सरकारी लॅबमधून काढून घेतली होती आणि खासगी लॅबसाठी नियम केलेच नव्हते. न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशी अहवालात हे सगळं आलेलं आहे. तो अहवाल २००२मध्ये आला तेव्हा आमच्या लॅबमधल्या प्रत्येकाने वाचला, जेवणाच्या सुट्टीतही कुणाच्या ना कुणाच्या हातात त्याची पानं असायची. ‘सरकारने अंग आखडतं घेतलं की आपोआप कारभार सुधारतो’ असं कुणी म्हणालं की मला ती पाच नंबरची विहीर आठवते.

त्यानंतर कायदा बदलला. नमुना खराब आला तर लॅबने ताबडतोब आरोग्य अधिकाऱ्याला कळवायचं, तेही प्रत्यक्ष बोलून. व्हॉइसमेलवर निरोप ठेवून मोकळं होता येत नाही. पलीकडे जिवंत माणूस फोनवर येईपर्यंत नंबर फिरवत राहायचं, मग २४ तासांत लेखी द्यायचं. रात्री दोन वाजता झोपेतून उठवलेल्या डॉक्टरांशी मी बोललेली आहे. एकाही डॉक्टरने कधी ‘सकाळी सांगितलं असतं तरी चाललं असतं’ असं म्हटलं नाही.

आणि दुसरा बदल, जो मला त्याहून मोठा वाटतो: २०१२च्या अखेरीपासून ओंटारिओत गावाच्या पाण्यावर देखरेख करणाऱ्या प्रत्येकावर, म्हणजे निवडून आलेल्या नगरसेवकांवरसुद्धा, कायद्याने वैयक्तिक जबाबदारी आहे. वाजवी काळजी घेतली नाही तर दंड होऊ शकतो, तुरुंगवासही होऊ शकतो. ‘मला त्यातलं तांत्रिक काही कळत नाही’ ही सबब चालत नाही. कळत नसेल तर विचारायचं, हेच कायद्याला अपेक्षित आहे.

तिकडे सगळं आलबेल आहे असं मात्र कुणी समजू नये. ओंटारिओच्या उत्तरेला नेस्कांटागा नावाची मूळनिवासी वस्ती आहे, तिथे १९९५पासून पाणी उकळून पिण्याची सूचना लागू आहे. तिथे जन्मलेलं मूल आज तिशीत आहे आणि त्याने घरच्या नळाचं पाणी निर्धास्तपणे कधी प्यायलेलं नाही. ट्रुडोंनी २०१५मध्ये शब्द दिला होता की मूळनिवासी वस्त्यांमधल्या अशा सगळ्या दीर्घकाळच्या सूचना मार्च २०२१पर्यंत उठवू. पुष्कळ उठल्या, पण सगळ्या नाहीत. जगातल्या सर्वाधिक गोड्या पाण्याच्या देशांपैकी एक असलेल्या देशाला हे शोभत नाही, हे मी तिथेही म्हणते.

आता ठाण्याकडे येते. ठाण्याला स्वतःचं धरण नाही. भातसा, स्टेम (शहाड-टेमघर पाणीपुरवठा प्राधिकरण), एमआयडीसी, थोडं मुंबईकडून, असं पाणी गोळा करून शहराची तहान भागते. घोडबंदर पट्ट्यात टॉवर चढत गेले आणि टँकर हा आमच्या सोसायटीचा कायमचा पाहुणा झाला. पूर्वी तो एप्रिल-मेमध्ये यायचा, आता जानेवारीतही येतो.

परवा सकाळी टँकर आला तेव्हा मी मुद्दाम खाली उतरले. ड्रायव्हरने पाइप अंडरग्राउंड टाकीत सोडला होता. पाइप मध्यावर कपड्याच्या चिंधीने बांधलेला, त्याचं तोंड आधी जमिनीवर पडलेलं मी पाहिलं होतं. सेक्रेटरी टीडीएस मीटर घेऊन उभे होते. मीटर पाण्यात बुडवला, आकडा आला, त्यांनी समाधानाने मान हलवली. ‘एकदम गोड पाणी आहे, मॅडम,’ ड्रायव्हर म्हणाला. मी माझ्या पिशवीतली काचनळी काढली, खुणेपर्यंत पाणी भरलं आणि ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडिन रसायनाचे थेंब टाकले. पाण्यात क्लोरीन असेल तर लगेच पिवळा रंग येतो, जितकं क्लोरीन जास्त तितका गडद. नळी उजेडाकडे धरली, मागे पांढरा कागद लावला. सेक्रेटरी, वॉचमन, ड्रायव्हर, तिघेही वाकून बघत होते. पाणी होतं तसंच राहिलं, पिवळेपणाचा मागमूस नाही. मग वर जाऊन घरच्या नळाचं पाणी आणलं, त्यात फिकट पिवळा रंग आला. दोन्ही नळ्या शेजारी-शेजारी धरल्यावर मला काही बोलावंच लागलं नाही.

टीडीएस मीटरबद्दल मात्र बोलले, आणि इथेही लिहिते, कारण हा गैरसमज घरोघरी आहे. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. मीटरला जंतू दिसत नाहीत. वॉकरटनच्या त्या पाण्यातही टीडीएस मीटरला काही वावगं दिसलं नसतं. पिण्याच्या पाण्यात शेवटच्या नळापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं, असं आपलं भारतीय मानक सांगतं. टँकरचं पाणी टाकीत घेताना क्लोरीन मात्रेत घालायचं, अर्धा तास थांबायचं, मग तपासून वर चढवायचं. ओटीचं रसायन हाताला लागू द्यायचं नाही आणि तपासलेलं पाणी फेकून द्यायचं. तिकडे ओटी वापरणं केव्हाच थांबलं, क्लोरीन तपासायला डीपीडी नावाच्या गोळ्या वापरतात. त्या इथेही मिळतात, शक्यतो त्याच घ्याव्यात. आमच्या कमिटीने आता वॉचमनच्या केबिनमध्ये एक रजिस्टर ठेवलं आहे: टँकरचा नंबर, वेळ, क्लोरीनचा आकडा, तपासणाऱ्याची सही.

पण ही झाली एका सोसायटीची गोष्ट. शहरात फिरणाऱ्या टँकरमधलं पाणी कुठून भरलं, कुणी तपासलं, निकाल कुठे लावला, हे विचारायचं कुणाला? मागची महापालिका निवडणूक २०१७ची. मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि तेव्हापासून प्रशासक. इतकी वर्षं या शहरात ‘आमचा नगरसेवक’ म्हणून दार ठोठावायला कायद्याने कुणीच नव्हतं. प्रशासक कार्यक्षम असेलही. पण त्याला पाच वर्षांनी माझ्या वहिनीसमोर हात जोडून उभं राहावं लागत नाही, आणि माझ्या लेखी हा फरक फार मोठा आहे.

आता निवडणूक आली तर ती पॅनेलची. ३३ प्रभाग, १३१ नगरसेवक, बहुतेक ठिकाणी एका प्रभागात चार. वहिनीला अ, ब, क, ड अशी चार मतं द्यायची आहेत. मला ही पद्धत मान्य नाही. चौघांचं काम ते कुणाचंच नाही. रस्ता खचला तर अ ब कडे बोट दाखवणार, ब क कडे. लहान प्रभाग आणि एकच नगरसेवक हवा, म्हणजे नाव घेऊन विचारता येतं. फार मोठा प्रभागही नको. टोरंटोत २०१८ला प्रचार चालू असताना ओंटारिओतल्या डग फोर्ड यांच्या सरकारने प्रभागांची संख्या ४७वरून २५वर आणली. आता एकेका नगरसेवकाच्या वाट्याला लाखाच्या आसपास माणसं येतात. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि पाच विरुद्ध चार मतांनी सरकार जिंकलं. मी तेव्हाही विरोधात होते, आजही आहे.

गेटवर येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला मी एकच प्रश्न विचारते: टँकरचं पाणी तपासून निकाल प्रभागात जाहीर लावायला लावाल का? एकजण म्हणाले, ‘मावशी, आम्ही टँकरच बंद करणार.’ मी म्हटलं, फार चांगलं, पण बंद होईपर्यंत काय? त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. ब जागेवरची एक तरुण मुलगी मात्र थांबली, क्लोरीन किती हवं ते विचारलं, मोबाइलमध्ये टिपून घेतलं आणि तपासणीची नळी बघायला मागितली. तिचा पक्ष मला पसंत नाही. तरी वहिनीला मी तिचं नाव सांगितलं.

रविवारी दादाने नेहमीप्रमाणे मोडता घातला. ‘तुझ्या ओंटारिओसारखा कायदा इथे केला तर निवडणुकीला कोण उभं राहील?’ मी त्याला सांगितलं की तिकडे लोक अजूनही उभे राहतात. २६ ऑक्टोबर २०२६ला ओंटारिओत नगरपालिकांच्या निवडणुका आहेत. त्यानंतर माझ्या छोट्या गावांमध्ये नवे नगरसेवक येतील. त्यांत एखादा शेतकरी असेल, एखादी निवृत्त शिक्षिका, एखादा दुकानदार. दर वेळी त्यांच्यासमोर पाण्याचा रिपोर्ट ठेवून एकेक आकडा कसा वाचायचा ते मी समजावते, आणि ते मन लावून ऐकतात, कारण त्या कागदावर आता त्यांची जबाबदारी असते. दादाने विचारलं, तो रिपोर्ट किती पानांचा असतो. मी लॅपटॉप उघडून एक दाखवला. त्याने चष्मा लावला आणि तिसऱ्या पानावर थांबून म्हणाला, ‘हे असं पान ठाण्याचं कुठे मिळेल?’ सोमवारी आम्ही दोघांनी बसून माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. अर्ज नागरिकालाच करता येतो, म्हणून सही दादाची आहे.