डोळ्यातलं फूल

दुपारची झोप उडाली की मी उगाच काहीतरी आवरायला काढते. परवा सलवारीच्या कडेला चिकटलेल्या बारीक हिरव्या बिया वेचत बसले होते. एका बोटावरून काढली की दुसऱ्या बोटाला चिकटते. घेटुळी! पार्किंगच्या कडेला फरशीच्या फटीतून पसरली आहे, तिथूनच आली असणार.

घेटुळीचं फूल बघायला कुणी मुद्दाम वाकत नाही. दोन-तीन मिलिमीटरचं, गुलाबी-जांभळं. त्याला खऱ्या पाकळ्याही नसतात म्हणे. गुलबक्षी आणि बोगनवेल हिच्याच कुळातल्या, पण श्रीमंत घरी पडलेल्या. मला फुलापेक्षा पानांचाच नाद. प्रत्येक जोडीत एक पान मोठं, एक लहान. दिसली की धाकटं कुठलं ते बघितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सोबतचा माणूस पुढे निघून गेलेला असतो.

नावांच्या बाबतीत मात्र ही बाई गर्भश्रीमंत. वैद्यांकडे ती पुनर्नवा. उन्हाळ्यात वरचं सगळं वाळून जातं, खाली जाड मूळ तग धरून असतं आणि पावसाबरोबर पुन्हा फुटतं, म्हणून. सूज उतरवते म्हणून शोथघ्नी. पावसात उगवते म्हणून वर्षाभू. संस्कृतात बेडकालाही वर्षाभूच म्हणतात, त्यामुळे हे नाव माझं विशेष लाडकं. वनस्पतिशास्त्रवाल्यांनी तिला बोअरहाविया करून टाकलं, लायडनच्या हर्मन बुरहावे या डच वैद्याच्या नावावरून. हे गृहस्थ 1738 मध्ये वारले. त्यांची कीर्ती अशी की नुसतं ‘बुरहावे, युरोप’ एवढा पत्ता लिहिलेलं पत्र चीनहून त्यांना बिनचूक पोचलं, अशी आख्यायिका आहे. आमच्या घेटुळीला दोन तालुके ओलांडले की वसू म्हणून हाक मारावी लागते.

आजीला यातलं घेटुळी एवढंच ठाऊक. डोळ्यांतून पाणी यायला लागलं की ती परसातलं मूळ उपटून आणायची, स्वच्छ धुवायची आणि सहाणेवर मधात उगाळायची. आम्ही भोवती कोंडाळं करून बसायचो. लक्ष अर्थात मधावर. एक जुना श्लोक आहे, त्यात या मुळाचं सगळं वेळापत्रकच दिलंय. दुधात उगाळलं तर डोळ्यांची खाज जाते, मधात उगाळलं तर पाणी गळायचं थांबतं. तुपात उगाळलं तर फूल जातं, तेलात तिमिर, म्हणजे अंधुक दिसणं, आणि कांजीत रातांधळेपणा. मूळ तेच, सोबत बदलायची. आजीने हा श्लोक कधी ऐकला असेल असं वाटत नाही, पण मध बरोबर घ्यायची.

त्यातल्या फुलानेच घोळ घातला. बुबुळावर पांढरा डाग पडला की ‘डोळ्यात फूल पडलं’ म्हणायची रीत. हे धाकट्या भावाच्या कानावर गेलं आणि घेटुळीचं फूल उडून डोळ्यात पडतं, अशी त्याची पक्की समजूत झाली. परसातून जाताना तो डोळे गच्च मिटून घ्यायचा. दोनदा तुळशीवृंदावनाला धडकला. कपाळावर टेंगूळ आलं, त्यावरही आजीने घेटुळीच लावली.

पुढे तिलाच मोतीबिंदू झाला. तेव्हा मात्र तिने मुळाचं नावसुद्धा काढलं नाही. ‘हे तिचं काम नव्हे,’ म्हणाली आणि मुकाट्याने ऑपरेशनला गेली. पट्टी सुटल्यावर आम्ही सगळे पलंगाभोवती उभे, आता ही कुणाला आधी ओळखते या उत्सुकतेने. तिने छताकडे बघितलं आणि विचारलं, ‘एवढी जळमटं धरलीत, घरात कुणाला दिसत नाहीत का?’

मी डोळ्यात काहीही उगाळून घालत नाही. डोळ्यांचे डॉक्टर ओरडतील, आणि रास्तच ओरडतील. पावसाळ्यात कोवळी मिळाली तर लसूण-मिरचीवर परतून भाजी तेवढी करते. लेकाने एकदा ताटात बघत संशयाने विचारलं, ‘ही कशावर चांगली असते?’

म्हटलं, भाकरीवर.