मलिद्याचं ताट आणि एम.ए.चा अभ्यास

‘जगातले धर्म विद्यापीठात शिकून करायचं काय? भटजी व्हायचंय की पाद्री?’ घरातल्या कुणी धर्मांचा तुलनात्मक अभ्यास हा विषय घेतो म्हटलं की हा प्रश्न येतोच. त्यातल्या नोकरीचं नंतर बघू. या विषयात नेमकं करतात काय, ते आधी एका ताटावरून सांगतो.

कोकणातले मराठी बोलणारे ज्यू म्हणजे बेने इस्राएल. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. नवस फेडायचा असला, लग्नकार्य असलं की त्यांच्याकडे मलिदा करतात: भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, खवलेलं खोबरं, वेलची, सुकामेवा आणि सोबत फळं. एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे प्रेषित एलियाचं, स्मरण होतं, हिब्रू प्रार्थना म्हटल्या जातात, मग वाटप.

नवा विद्यार्थी हे पाहून लिहितो, ‘हा तर सत्यनारायणाचा प्रसाद, हिंदूंकडून घेतलेला.’ दुसरा लिहितो, ‘प्रार्थना हिब्रू आहे, म्हणजे विधी प्राचीन ज्यू.’ दोघांनीही ताटाकडे नीट पाहिलेलं नसतं. ज्यू धर्मशास्त्रात खाण्याआधी म्हणायचं स्तुतिवचन झाडाच्या फळासाठी एक आणि जमिनीतून येणाऱ्यासाठी दुसरं. केळं तिथे जमिनीच्या बाजूला जातं, कारण केळीचं खोड दरवर्षी टिकणारं झाड धरत नाहीत. म्हणजे कोकणातल्या केळ्यावर हिब्रू शास्त्राचा नियम लागू झाला. आणि ‘मलिदा’ हा शब्द तर फारसी, अर्थ कुस्करलेलं. दर्ग्यावर चढवतात त्या कुस्करलेल्या गोड पदार्थाचंही नाव हेच. (मराठीत आपण मलिदा खाणाऱ्यांना भलत्याच कारणासाठी ओळखतो, ते सोडा.) एका ताटात तीन धागे, त्यातला एकच ओढून ‘मूळ सापडलं’ म्हणणं हा या विषयातला सगळ्यात नेहमीचा घोळ.

म्हणून अभ्यासाची शिस्त अशी. आधी घडलं ते क्रमाने लिहायचं: कोण बसलं, कोण म्हणालं, पाठ की पुस्तकातून, कोणत्या भाषेत, कोणतं फळ आधी, ताट कोणी रचलं. मग करणाऱ्यांना विचारायचं, ते त्यांच्याच शब्दांत टिपायचं. त्यानंतर ग्रंथ उघडायचा. हा क्रम उलटा केला की ग्रंथात असेल तेवढंच डोळ्यांना दिसतं आणि उरलेल्याला ‘अंधश्रद्धा’ किंवा ‘भेसळ’ असं लेबल लागतं.

ग्रंथाकडे आधी धावायची सवय जुनी आहे. संस्कृतचे अभ्यासक माक्स म्युलर यांच्या संपादनाखाली 1879 पासून पूर्वेकडच्या धर्मग्रंथांच्या भाषांतराचे 50 खंड निघाले. काम प्रचंड, पण धर्म पुस्तकात राहतो हा समज त्यातून पक्का झाला. संस्थापक कोण, ग्रंथ कोणता, देव किती, हा तक्ता ख्रिस्ती धर्माच्या मापाने शिवलेला आहे. जेजुरीचा खंडोबा त्यात बसत नाही. श्रीलंका, म्यानमारकडच्या थेरवादी बौद्धांपुढे तो ठेवला की सृष्टिकर्त्या देवाचा रकाना रिकामाच राहतो. 1967 मध्ये लँकेस्टर विद्यापीठात या विषयाचा विभाग उभा करणाऱ्या निनियन स्मार्ट यांनी धर्माकडे कर्मकांड, कथा, अनुभव, नीती, संघटना अशा अनेक बाजूंनी पाहायला शिकवलं. ते उपयोगाचंच, फक्त विद्यार्थी त्याचेही रकाने करून भरत सुटतात.

आपल्याकडे आणखी एक शंका असते: हे घटनेत बसतं का? अनुच्छेद 28 नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. पण धर्म शिकवणं वेगळं आणि धर्मांविषयी शिकवणं वेगळं, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने 2002 च्या निकालात मान्य केला आहे.

आता नोकरी. नेट परीक्षेत हा स्वतंत्र विषय आहे, पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात जुना विभाग आहे. तरी देशात प्राध्यापकीच्या जागा मोजक्याच, हे लपवण्यात अर्थ नाही. इंग्लंडमध्ये सरकारी शाळांत हा विषय कायद्यानेच शिकवावा लागतो, त्यामुळे तिथे शिक्षकाचं काम मिळू शकतं. नुसत्या या पदवीवर पोट भरेल असं धरून येऊ नका. पत्रकारिता, संग्रहालय किंवा कायदा यांच्या जोडीला मात्र ती चांगली चालते.

यायचंच ठरलं तर एकच भाषा धरा आणि दोन वर्षं सोडू नका: बौद्ध धर्म असेल तर पाली (पुणे विद्यापीठात स्वतंत्र विभाग आहे), इस्लामसाठी अरबी. चार भाषांचा श्रीगणेशा केलेल्याला एकाही ग्रंथाचं पान धड वाचता येत नाही. पहिला प्रबंध स्वतःच्या धर्मावर घेऊ नका. ओळखीचं म्हणून विचारायचं राहून जातं. आणि प्रवेशाआधी अभ्यासक्रम मागवून दोन गोष्टी बघा. प्रत्यक्ष निरीक्षणाला गुण आहेत का, आणि ‘सर्व धर्मांची शिकवण एकच’ अशा नावाची प्रश्नपत्रिका आहे का. दुसरी असेल तर तिथल्या शिक्षकांना सरळ विचारा, मग केळ्याला वेगळं स्तुतिवचन का.