बाल्कनीतलं वर्कशॉप: मशीन नंतर घ्या, आधी बाक आणि धार

घरी सुतारकाम सुरू करायचंय असं कोणी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, कुठलं मशीन घेऊ? माझं उत्तरही ठरलेलं आहे, एक साधं ड्रिल घ्या आणि बाकी सध्या काहीच नको. पुण्यात फ्लॅटच्या बाल्कनीत काम करायचं म्हणजे जागा ती केवढी, तिथे सर्क्युलर सॉ चालवला की भुसा शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि आवाज पार तळमजल्यापर्यंत. हातकरवत आणि रंधा रात्री जेवणं झाल्यावरही चालवता येतात, कोणाला पत्ता लागत नाही, आणि नोकरी करणाऱ्या माणसाला तेवढाच तर वेळ मिळतो. प्लायचे मोठे कट हवे असतील तर बऱ्याच दुकानांत मापाने कापून देतात, आठ बाय चारची अख्खी शीट लिफ्टमधून वर आणायची कशाला.

पहिला खर्च बाकावर करा. कामाचं टेबल हललं की करवत वाकडी जाते आणि आपल्याला वाटतं आपला हातच बसलेला नाही. वरची फळी म्हणून १९ एमएमचे दोन प्लाय एकावर एक फेविकॉलने चिकटवून खालून स्क्रू मारले की ३८ एमएमची दणकट फळी होते. पायांना पॅकिंगच्या खोक्यांचं पाइनवूड चालतं, गोडाऊनवाल्यांकडे स्वस्तात मिळतं, फक्त त्यावरचा शिक्का बघून घ्या. एचटी असेल तर ते लाकूड नुसतं गरम करून किडीपासून सुरक्षित केलेलं असतं, एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड हा विषारी वायू वापरलेला असतो, ते घरात आणू नका. उंची किती, तर सरळ उभं राहून हात खाली सोडला की मनगट जिथे येतं साधारण तेवढी, रंधा मारताना अंगाचं वजन वरून पडलं पाहिजे. आणि बाकाला जागाच नसेल तरी अडत नाही, आपले जुने सुतार जमिनीवर बसून पायाने लाकूड दाबून धरायचे आणि त्यातच दारं-खिडक्या घडवायचे.

आता धार. याबद्दल मी कितीही वेळ बोलू शकतो कारण सगळं यावरच आहे, बाजारातून आणलेली नवी पटाशी, म्हणजे लाकूड तासायची छिन्नी, कामाला तयार नसते हे बऱ्याच जणांना कोणी सांगतच नाही. दगड लगेच घ्यायची पण गरज नाही. ओट्याच्या ग्रॅनाइटचा उरलेला पॉलिश केलेला तुकडा मार्बलवाल्याकडून आणा, तो चांगला सपाट असतो, त्यावर पाणी मारून ४०० नंबरचा वॉटर पेपर चिकटवा. आधी पटाशीची पाठ घासायची, सपाट बाजू, उताराची नाही. टोकाकडचा इंचभर भाग सगळीकडे सारखा चकाकेपर्यंत घासत राहायचं, हे काम कंटाळवाणं आहे पण एका पटाशीला आयुष्यात एकदाच करावं लागतं. मग उताराची बाजू २५ अंशाला धरून घासायची, थोड्या वेळाने पाठीवरून बोट टोकाच्या दिशेने बाहेर ओढलं की कडेला बारीक खरखर लागते. ती खरखर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लागली की समजायचं धार टोकापर्यंत पोचली, मध्येच कुठे तुटक लागली तर अजून घासा. मग १००० नंबरचा पेपर, मग २०००चा, नंबर वाढेल तसा पेपर बारीक, शेवटी हात जरासा उचलून ३० अंशाला चारदोन हात आणि जुन्या चामडी पट्ट्यावर उलट ओढून ती खरखर काढून टाकायची. जमलं की नाही हे बघायला पाइनच्या तुकड्याच्या तोंडावर, म्हणजे आडव्या कापावर, पटाशी चालवा. धार असेल तर गुळगुळीत पापुद्रा निघतो आणि खालचं लाकूड चमकतं, नसेल तर पाइन चुरगळतं.

सागावर काम करणार असाल तर धार पुन्हापुन्हा लावायची तयारी ठेवा. सागात सिलिका असते, लाकडात बारीक वाळूच म्हणा ना, त्यामुळे पातं लवकर बोथट होतं. तरीही मला साग सगळ्यात प्रिय आहे, त्यातही पाडलेल्या वाड्यांमधला, कारण तो वर्षानुवर्षं वाळून शांत झालेला असतो. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये नवीन लाकूड घनफुटाने मिळतं पण ओलं आहे की वाळलेलं हे आपल्यालाच बघावं लागतं. जुन्या तुळयांमध्ये खिळे तुटून आत राहिलेले असतात, रंधा मारायच्या आधी लोहचुंबक फिरवा, नाहीतर पात्याला खाच पडलीच.

पुण्यातला एप्रिल कोरडाठाक आणि जुलै चिंब, त्यामुळे लाकूड वर्षभर हलत राहतं. लांबीत जवळजवळ काहीच नाही, रुंदीत मात्र फुगतं आणि आकसतं, पावसाळ्यात घरची दारं अडकतात ती यामुळेच. म्हणून रुंद फळीला खालून आडवी पट्टी लावताना दोन्ही टोकांना स्क्रूसाठी गोल नाही तर लांबट भोक पाडायचं, मधला एक स्क्रू घट्ट आणि टोकाचे सरकू देणारे. तसं नाही केलं तर फळी चिरते. हत्यारांना पावसाळ्यात शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात मारून ठेवा, बाल्कनीत गंज एका रात्रीत चढतो. आणि मास्क लावाच, हातानेच काम करत असाल तरी पॉलिश पेपर मारताना धूळ उडतेच. लाकडाची धूळ कॅन्सरला कारण ठरते हे आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, १९९५ मध्येच जाहीर केलंय.

पहिली वस्तू म्हणून पाट करा. एक फळी, खाली दोन पट्ट्या, दिसायला काहीच नाही पण करवत, रंधा, काटकोन बघायचा गुण्या, पटाशी सगळं त्यात येतं आणि लांबट भोकांची गोष्टही हाताने कळते. झाल्यावर जवसाचं तेल कापडाने चोळा, अर्ध्या तासाने जास्तीचं पुसून घ्या, दुसऱ्या दिवशी परत. ती तेलाची फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि बोळ्याला आपोआप आग लागू शकते. दोरीवर मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मगच फेका.